वडिलोपार्जित पिस्तूल आणि नवा घोडा : दुरुस्ती, तादात्म्य व साक्ष

जुन्या वस्तूचा एखादा भाग बदलला तर ती वस्तू तीच राहते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात बहुधा थीसियसच्या जहाजापासून सुरू होतो आणि जहाजापाशीच संपतो. प्लुटार्कने सांगितलेले ते जहाज अथेन्सवासीयांनी जपले, कुजलेली एकेक फळी काढून तेथे नवी बसवली, आणि तत्त्वज्ञांना वादाला विषय मिळाला. जहाज दूरचे असते, कोणाच्या घरातले नसते. त्यामुळे प्रश्नाला कोडे समजून त्याच्याशी खेळण्याची सोय होते. हाच प्रश्न घरातल्या, हाताळलेल्या आणि शिवाय माणूस मारू शकणाऱ्या वस्तूविषयी विचारला म्हणजे त्याचे कोडेपण फारसे उरत नाही. तेथे तादात्म्याचा प्रश्न नीतीचा होऊन समोर येतो. तो तसा का होतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विचारासाठी एक उदाहरण कल्पावे. पेणहून नागोठण्याकडे जाताना महामार्गाच्या आणि पनवेल-रोहा लोहमार्गाच्या वाटेवर कासू हे गाव लागते. तेथील एखाद्या घरात चार पिढ्या चालत आलेले ठासणीचे पिस्तूल आहे असे समजू. त्याचा घोडा तुटलेला आहे, आतली कमान गंजून गेली आहे, दस्त्याचे लाकूड वाळवीने पोखरले आहे. खंडेनवमीला ते पाटावर मांडले जाते, त्याला गंधफूल वाहिले जाते आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले जाते. घरातल्या धाकट्या भावाचे म्हणणे, त्याला नवा घोडा, नवी कमान बसवून ते पूर्ववत करावे. पणजोबांची वस्तू अशी मोडकी ठेवणे हा त्यांचा अवमान आहे. थोरल्याचे म्हणणे, नवे भाग बसवल्यावर ती पणजोबांची वस्तू राहणारच नाही. दोघांनाही पणजोबांविषयी सारखाच आदर आहे. मतभेद आहे तो 'पूर्ववत' या शब्दाच्या अर्थाविषयी.

या वादात आपल्याकडील दर्शने थोरल्याच्या बाजूने उभी राहतात, तीही त्याला पेलणार नाही इतक्या कठोरपणे. न्यायवैशेषिकांच्या मते अवयवी हा अवयवांहून वेगळा, पण त्यांच्यावाचून न राहणारा पदार्थ आहे. महापटातून काही तंतू काढले तर तो महापट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंतून नवा खंडपट उत्पन्न होतो. तंतू काढल्याने पट लहान झाला, असे नैयायिक म्हणत नाही. पहिला गेला, दुसरा आला, असे म्हणतो. या हिशेबाने कासूच्या त्या पिस्तुलाचा घोडा तुटला त्याच दिवशी पणजोबांचे पिस्तूल संपले, आणि थोरला भाऊ ज्याला जपतो आहे ते मुळातच दुसरे पिस्तूल आहे. बौद्धांचे म्हणणे याहून पुढचे. मिलिंदपञ्ह या ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक काय, आस काय, दांडी काय. आणि यांपैकी काहीच रथ नसून 'रथ' हा केवळ व्यवहारातला शब्द आहे, हे त्याच्याकडून कबूल करून घेतो. 'तेच हे' या प्रत्यभिज्ञेवर नैयायिक आत्म्याचे स्थैर्य उभारू पाहतात तेव्हा बौद्ध दिव्याच्या ज्योतीकडे आणि कापल्यावर पुन्हा वाढलेल्या केसांनखांकडे बोट दाखवतात. तेथेही आपण 'तेच' म्हणतो, पण असते ते केवळ तसलेच. नैयायिकालाही ज्योतीच्या बाबतीत हे मान्य करावे लागते. तेथील 'तीच' हे साजात्यामुळे म्हटले जाते, असे तो सांगतो. एरवी हाडवैर असलेले हे दोन पक्ष सुट्या भागांच्या प्रश्नावर इतके जवळ यावेत, ही गोष्ट दर्शनांच्या अभ्यासकांनी अधिक मनावर घ्यायला हवी.

धाकट्या भावाचा वकील लॉक होऊ शकेल. 'मानवी आकलनाविषयीचा निबंध' या ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तादात्म्यावर जे प्रकरण नव्याने घातले त्यात घड्याळाचे उदाहरण येते. घड्याळ म्हणजे एका विशिष्ट कार्यासाठी केलेली भागांची योग्य जुळणी. भाग दुरुस्त होत राहिले, कमीअधिक झाले, तरी जुळणी आणि कार्य टिकले तर प्राण्याच्या देहासारखेच काहीसे सातत्य तेथे दिसते. फरक एवढाच की प्राण्यातील गती आतून येते, घड्याळातील बाहेरून. हे मान्य केले तर मोडके पिस्तूल हेच खरे पाहता पिस्तूल नव्हे, आणि नवा घोडा बसवल्यावर ते प्रथमच पुन्हा स्वतः होईल. युक्तिवाद बिनतोड दिसतो. मात्र तो एक गोष्ट गृहीत धरतो : त्या वस्तूचे कार्य काय हे आपल्याला ठाऊक आहे. चार पिढ्या पाटावर मांडल्या जाणाऱ्या पिस्तुलाचे कार्य गोळी झाडणे हेच आहे, असे कशावरून म्हणावे?

पेण परिसरात सातत्याचे इतर नमुने विपुल आहेत, आणि ते एकमेकांसारखे नाहीत. धरमतरच्या खाडीलगतच्या खारभूमीत भरतीचे पाणी अडवणारे बांध असतात. खाडी माती नेते, शेतकरी माती घालतो. काही वर्षांत बांधातील बरीचशी माती बदलून जाते, पण बांध तोच राहतो. कारण तो समुद्राला तेथेच अडवतो. येथे लॉक पूर्णपणे बरोबर आहे. आजोबांच्या कोयत्याला बापाने मूठ बसवली आणि नातवाने पाते बदलले, तरी तो आजोबांचाच कोयता म्हणून वापरात राहतो. यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण कोयत्याकडून कापण्यापलीकडे कोणी काही मागत नाही. पेणच्या गणेशमूर्तींचे उदाहरण याहून बोलके आहे. मूर्ती दर वर्षी नवी, तिची माती नवी, आणि मागच्या वर्षीची विसर्जित झालेली. तरीही घरचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या 'आपला' आणि तोच असतो. द्रव्याचा कणही टिकलेला नाही, आणि सातत्याला तडाही गेलेला नाही. जपानमधील इसे येथील देवस्थान वीस-वीस वर्षांनी नवे बांधले जाते. 2013 साली ते असे बांधले गेले. अस्सलपणा मूळ द्रव्यातच असतो हा युरोपीय आग्रह सर्व संस्कृतींना लागू करता येत नाही, असे 1994 च्या नारा दस्तऐवजाने जे मांडले त्यामागे अशीच उदाहरणे होती. पेणमधल्या मूर्तिकाराला त्या दस्तऐवजाची गरज नव्हती.

मग पिस्तुलाला ही सवलत का नाकारावी? उत्तर शोधण्यासाठी बंदुकीच्या कळीच्या इतिहासाकडे वळावे लागते, आणि हा वळसा वाटतो तितका लांबचा नाही. 'सुटा भाग' ही आधुनिक कल्पना आकाराला आली तीच मुळी कळ घडवणाऱ्यांच्या कारखान्यात. जुन्या कळीचा प्रत्येक घोडा, प्रत्येक कमान कारागीर कानशीने घासून त्या एकाच कळीत बसेल अशी करीत असे. एका पिस्तुलाचा घोडा शेजारच्या पिस्तुलाला लागत नसे. 1785 साली फ्रान्समधील ओनोरे ब्लाँ या कारागिराने पन्नास कळींचे सुटे केलेले भाग कप्प्याकप्प्यांत मांडून टॉमस जेफर्सनसमोर ठेवले. हाताला येतील ते भाग उचलून जेफर्सनने स्वतः काही कळी जोडल्या आणि त्या बिनचूक जुळल्या, असे त्याने ऑगस्ट 1785 च्या पत्रात कळवले. पुढे अमेरिकेतील शस्त्रशाळांनी ही पद्धत मार्गी लावली. त्या क्षणी तादात्म्याच्या जुन्या प्रश्नाचे स्वरूप पालटले, हे तत्त्वज्ञांच्या फारसे ध्यानात आलेले दिसत नाही. हाताने जुळवलेल्या कळीत प्रत्येक भागाला आपला एक शेजार असतो. तो दुसऱ्या कोणत्याही पिस्तुलाचा होऊ शकत नाही. अदलाबदलीच्या भागांना असा शेजार नसतो. ते जातीचे असतात, व्यक्तीचे नसतात.

नेल्सन गुडमनने 1968 साली कलाकृतींचा जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. चित्राची हुबेहूब नक्कल बनावट ठरते. कवितेची अक्षरशः बरोबर प्रत बनावट ठरू शकत नाही, ती कविताच असते. पहिल्या प्रकाराला स्वहस्तनिष्ठ आणि दुसऱ्याला संकेतनिष्ठ म्हणता येईल. ब्लाँपूर्वीचे पिस्तूल चित्रासारखे आहे, नंतरचे छापील पुस्तकासारखे. कासूच्या पिस्तुलाला आज घोडा बसवायचा तर तो कारखान्यातून तयार मिळणार नाही. कोणी तरी कारागीर तो त्या एकाच पिस्तुलासाठी घासून बसवील. म्हणजे नवा भागही जुन्याइतकाच 'त्याचा' होईल. धाकट्या भावाच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद सापडणे कठीण, आणि थोरल्याला तो सहज उडवून लावता येणार नाही.

शिवाय थोरला ज्याला मूळ म्हणतो ते तरी कितपत मूळ असते? एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या असंख्य बंदुका आणि पिस्तुले टोपीवर चालणारी करून घेतली गेली. गारगोटी धरणारा घोडा काढून नवा बसवला गेला, ठिणगी पाडणारा पोलादी पत्रा आणि रंजकाची वाटी काढून टाकली गेली. अशा पिस्तुलाचा 'मूळ' घोडा हाच पहिल्या दुरुस्तीचा घोडा असतो. मराठी शब्दकोशातील 'फिरंग' हा शब्द याहूनही मागे नेतो. युरोपातून आलेले पाते आणि इथली मूठ यांच्या जुळणीला ते नाव मिळाले. सेनासाहेबसुभा रघूजी भोसले यांच्या नावाची जी तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनमधील लिलावातून मिळवली, तिचे पातेही युरोपीय घडणीचे आहे आणि त्यावर देवनागरी लेख आहे. ज्या शस्त्राला एखादे घराणे वा एखादा समाज आपले म्हणतो ते जन्मापासूनच अनेक हातांचे आणि दोन खंडांचे असू शकते. अखंड, निर्भेळ मूळ ही वारसदारांची कल्पना असते. कारागिराला ती नसते.

एवढ्यावर थांबले तर निकाल धाकट्याच्या बाजूने लागेल. पण साहित्याच्या अभ्यासकांना याच जातीचा आणखी एक व्यवहार परिचयाचा आहे, आणि तेथे प्रश्नाची राहिलेली बाजू उघडी पडते. हा व्यवहार म्हणजे पाठशुद्धी. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अशुद्ध झालेले पाठ काढून शुद्ध पाठ बसवणे म्हणजे संहितेला सुटे भाग बसवणेच. एकनाथांनी ही दुरुस्ती लपवली नाही. शेवटी कालनिर्देशासह ती सांगितली आणि पुढे कोणी भर घालू नये असेही बजावले. मात्र दुरुस्ती झाली एवढेच त्यांनी सांगितले. कोठे झाली याची खूण ठेवली नाही. त्यांना ज्ञानेश्वरी वाचली जावी, पारायणात चालावी असे वाटत होते. बांधावर माती घालणाऱ्याने कोणती पाटी कोठे ओतली याची नोंद ठेवावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. पण ज्ञानेश्वरी बांधाप्रमाणे केवळ चालत आलेली नाही. तेराव्या शतकातील मराठीचा ती पुरावाही आहे. म्हणून 1909 साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, आणि त्या प्रतीच्या प्राचीनतेविषयी वाद झाला. तो वाद मुळात एका न ठेवलेल्या खुणेपोटी झालेला आहे.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकरांनी नेमकी ही खूण ठेवली. 1933 साली पूर्ण झालेल्या आदिपर्वात, जेथे पाठ तितकासा निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. जेथे संपादकाने स्वतः दुरुस्ती केली आहे तेथे तारका आहे, आणि अशा जागा फार थोड्या आहेत. इमारतींच्या जतनाविषयीच्या 1964 च्या व्हेनिस सनदेतील बारावे कलम हेच सांगते : बसवलेला नवा भाग एकूण रचनेत मिसळावा, पण मुळापासून ओळखूही यावा, म्हणजे पुरावा खोटा ठरत नाही. सुकथनकरांची तारका त्याआधी तीस वर्षांची आहे. पुण्यात बसून केलेल्या या शिस्तीचा उल्लेख जतनशास्त्राच्या चर्चेत क्वचितच येतो. पाठचिकित्सेला आपल्याकडे कोरडे काम समजण्याची जी रीत पडली आहे तिचा हा परिणाम असावा.

यावरून असे दिसते की नवा भाग बसवण्यात दोष नाही. दोष संभवतो तो नव्या भागाला त्याने न पाहिलेल्या गोष्टींची साक्ष द्यायला लावण्यात. पेणची गणेशमूर्ती किंवा इसेचे देवालय कोणाला फसवत नाही, कारण तेथील नवेपण जाहीर आहे. तो नवेपणाच उत्सवाचा विषय आहे. कोयता फसवत नाही, कारण त्याला कोणी काही विचारत नाही. कासूचे पिस्तूल मात्र दर वर्षी पाटावर मांडले जाते ते, पणजोबांच्या हातात हे होते, असे सांगण्यासाठी. ते साक्षीदार म्हणून उभे आहे. वॉल्टर बेंजामिनने 1930 च्या दशकात कलाकृतीच्या अस्सलपणाविषयी लिहिताना, वस्तूने सोसलेला इतिहास हाच तिच्या अधिकाराचा आधार मानला होता. सोसणे हा शब्द येथे महत्त्वाचा. नव्या घोड्याने काहीच सोसलेले नाही. तो जुनाट दिसावा म्हणून त्याला आम्लात बुडवून गंज चढवला, तर पिस्तूल खोटी साक्ष देऊ लागते. त्यावर बसवल्याचे साल कोरले तर तेच पिस्तूल दोन साक्षी देते, आणि दोन्ही खऱ्या असतात. 2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा जो वाद झाला, तो शस्त्राच्या धातूविषयी नव्हता. ती नखे अफझलखानाच्या वधात वापरली गेली हे पडताळता आलेले नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. तेथेही एका वस्तूला किती बोलायला लावावे, हाच प्रश्न होता.

साक्षीचा मुद्दा मान्य केला की तुटलेल्या घोड्याकडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. 1878 च्या शस्त्रकायद्याने हिंदी प्रजाजनाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. अशा काळात एखाद्या घरातले शस्त्र मोडलेले असेल तर ते वापराने मोडले, दुर्लक्षाने मोडले की कोणी मुद्दाम मोडले, हे त्या मोडीवरूनच वाचता येण्याची शक्यता असते. नवा घोडा बसवताना जुन्याचा उरलेला तुकडा घासून काढला की ती हकीकत पुसली जाते. संहितेतील खाडाखोड साफ करून छापणारा संपादक हेच करतो. बिघाड हा वस्तूचा अभाव मानला की दुरुस्ती हे निव्वळ पुण्यकर्म वाटू लागते. पण कधी कधी बिघाड हेच त्या वस्तूने सांगितलेले शेवटचे वाक्य असते.

आणि पिस्तूल ही काही पोथी नव्हे. चाललेच तर ते माणूस मारते. ही बाब भारताच्या 1959 च्या शस्त्र अधिनियमाने जितक्या नेमकेपणाने पकडली आहे तितकी ती सौंदर्यशास्त्राला पकडता आलेली नाही. त्याच्या 45 व्या कलमाने कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. मात्र अट अशी की ते दुरुस्ती न करता किंवा दुरुस्ती करूनही बंदुकीसारखे वापरता येण्याजोगे नसावे. 'दुरुस्ती करूनही' हे शब्द विचारात घेण्यासारखे आहेत. कायदा वस्तूच्या आजच्या अवस्थेकडे पाहत नाही. तिच्यात शिल्लक असलेल्या शक्यतेकडे पाहतो. घोडा आणि कमान बदलून जे पुन्हा चालेल ते कायद्याच्या दृष्टीने मोडलेले असतानाही पिस्तूलच आहे. त्याला परवाना हवा, आणि व्यवसाय म्हणून ते दुरुस्त करणाऱ्यालाही हवा. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली, आणि वारशाने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. म्हणजे पाटावरचे पिस्तूल हे स्मरणचिन्ह आहे असे घर म्हणते, आणि कायदा ते हत्यारांत मोजतो. लॉकने कार्याला जे स्थान दिले ते कायद्यानेही दिले आहे. फरक एवढा की कायद्याला त्या कार्याची भीती वाटते. ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. धाकटा भाऊ ज्याला पूर्ववत करणे म्हणतो त्यात पणजोबांची आठवण परत येते, तशी पणजोबांची जरबही परत येते. आणि यांपैकी आपल्याला नेमके काय हवे आहे हे त्याने स्वतःलाही विचारलेले नसण्याचा संभव आहे. चालू न शकणारा, केवळ आकार पुरा करणारा घोडा बसवायला तो तयार आहे काय, एवढे विचारले तरी त्याचे उत्तर मिळेल.

हे कायदे ओळख कोठे मानतात तेही पाहण्यासारखे आहे. बंदुकीवरील कर्त्याचे नाव आणि क्रमांक खोडणे, बदलणे हा अपराध आहे. भाग बदलता येतात, क्रमांक बदलता येत नाही. ब्लाँच्या कप्प्यांतून निघालेल्या वस्तूंना शेजार उरला नाही, तेव्हा त्यांना व्यक्ती करण्यासाठी अंक लागले. जुन्या हातघडणीच्या पिस्तुलावर बहुधा असा क्रमांक नसतो. परवाना देणाऱ्या कचेरीला तो मागाहून घालावा लागतो, आणि तोही एक बसवलेला भागच ठरतो.

उरतो तो काढलेल्या तुकड्यांचा प्रश्न. हॉब्जने 1655 साली थीसियसच्या जहाजात जी भर घातली ती हीच होती : काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या, तर दुसरे जहाज उभे राहील, आणि मग खरे कोणते? सुकथनकरांनी नाकारलेले पाठ तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, त्यामुळे ज्याला हवे त्याला त्या फळ्यांतून दुसरे महाभारत जोडून पाहता येते. कासूच्या घरातही नवा घोडा बसलाच तर जुना तुकडा त्याच फडक्यात, त्याच पेटीत ठेवता येईल. 45 वे कलम त्यालाही मोकळीक देते : शस्त्राचे किरकोळ भाग बाळगायला हरकत नाही, मात्र ज्यांच्याशी जोडून ते वापरायचे ते पूरक भाग त्याच्याजवळ किंवा दुसऱ्या कोणाजवळ असून तसा वापर करण्याचा इरादा नसावा. पेटीत जुना घोडा, पाटावर नवा घोडा बसलेले पिस्तूल, आणि त्या दोघांना पुन्हा जोडण्याचा इरादा आहे की नाही, हे त्या घरातल्या दोन भावांनी ठरवायचे आहे.